अभ्यासाच्या मागे तानपुरा: आय-तबला प्रो कामाच्या वेळी कसं चालतं

आय-तबला प्रो हे ॲप मुळात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या रियाजासाठी आहे. त्यात दोन तानपुरे, तबला, स्वरमंडळ आणि मंजिरा मिळतात. वाचन, लिखाण किंवा हिशेब करताना मागे लावायला मात्र त्यातला नुसता तानपुरा पुरतो, आणि ‘फोकस म्युझिक’ नावाच्या बहुतेक प्लेलिस्टपेक्षा तो सरस ठरतो. गाण्यातले शब्द कानावर पडले की वाचलेले शब्द डोक्यात शिरत नाहीत, दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात. वाद्यसंगीतात शब्द नसले तरी तान, सम, तिहाई असतेच. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा, आली की मन समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघतं आणि हातातलं वाक्य सुटतं. तानपुऱ्यात वाट बघण्यासारखं काहीच नाही.

पण तो नीट लावला पाहिजे. पहिली तार पंचमावर (प) ठेवा. मध्यम (म) लावला की मालकंस रागाचा रंग येतो. मारवा-पूरिया रागांसाठी लावतात तसा निषाद (नी) लावला, तर तो सतत षड्जाकडे (सा) ओढतो आणि तासाभरात बेचैन करतो. वेग कमी ठेवा. चार तारांचं एक आवर्तन विरामासकट ५ ते ६ सेकंदांत व्हावं. वेग वाढवला की आस, म्हणजे तारेची मागे रेंगाळणारी गुंज, पसरायच्या आत पुढची तार वाजते आणि नुसता टुणटुणाट ऐकू येतो.

सगळ्यात जास्त चुकते ती पट्टी, म्हणजे सा किती उंचीवर धरायचा ते. ‘मर्दानी तानपुरा गंभीर’ म्हणून काळी १ (पेटीवरची पहिली काळी पट्टी) निवडली जाते आणि तो फोनच्याच स्पीकरवर लावला जातो. काळी १ च्या जोडीच्या तारा (सा ला लावलेल्या मधल्या दोन) साधारण १३९ हर्ट्झवर, तर खर्ज (शेवटची, खालच्या सा ची तार) ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा चिमुकला स्पीकर इतका खालचा स्वर वाजवूच शकत नाही, म्हणून वरचे स्वरांश तेवढे उरतात आणि आवाज पत्र्यासारखा वाटतो. फोनवरच ऐकायचं असेल, तर काळी ४ किंवा काळी ५ घ्या. काळी ५ ची जोड २३३ हर्ट्झच्या आसपास येते आणि छोट्या स्पीकरलाही बऱ्यापैकी पेलते. हेडफोन किंवा टेबलावरचा बरा स्पीकर असेल, तर काळी १ खुशाल लावा. त्या खर्जाला खरंच तोड नाही.

दुसरा तानपुरा सुरू करून तो पहिल्यापेक्षा २-३ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर-खाली केला, तर दोन्हींच्या मिलाफातून संथ लाट उठते. काळी १ च्या जोडीवर ३ सेंटचा फरक म्हणजे साधारण ४ सेकंदांना एक लाट. एकसुरीपणा जातो आणि लक्षही विचलित होत नाही. १० सेंटच्या पुढे गेलात की तानपुरा सरळ बेसूर वाटतो.

आवाज किती? शेजारचा नेहमीच्या सुरात बोलला तर कळावं, एवढाच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. तानपुऱ्याला त्याच्या कितीतरी खालचा आवाज पुरतो.

कंटाळवाण्या हातकामासाठी, म्हणजे कपड्यांच्या घड्या, फायली लावणं, आकडे भरणं, तानपुरा फार शांत पडतो. तिथे याच ॲपमधला केरवा ताल लावा. ८ मात्रा, मिनिटाला ९० ते ११० ची लय. हाताला चाल मिळते. तीनताल ऐकायची सवय असेल, तर १६ मात्रा मोजण्यात मन गुंततं, म्हणून तो टाळा. लिखाणाच्या वेळी ठेका मुळीच नको.

ॲप आयफोन-आयपॅडवर चालतं. अँड्रॉइडवर ‘तानपुरा ड्रॉइड’ या ॲपनेही काम भागतं. यूट्यूबवरचे तासन्‌तास चालणारे तानपुरे फुकट आहेत खरे, पण मध्ये जाहिरात येते, पट्टी बदलता येत नाही, आणि ध्वनिमुद्रण जिथे पुन्हा जोडलेलं असतं तिथला धक्का एकदा कानात बसला की दर वेळी ऐकू येतो. फोन हाताला लागला की ज्यांचं नोटिफिकेशन बघणं टळत नाही, अशांनी ॲपऐवजी रेडेलच्या सारंगसारखी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी घ्यावी. महाग पडते, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. फक्त अभ्यासासाठी एवढा खर्च मी सुचवणार नाही. घरात कुणी गाणं शिकत असेल, तर जरूर.

गाणं शिकणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. स्वतःची पट्टी लावली की गळा आपोआप सा लावतो आणि पुस्तक बाजूला पडतं. काळी १ मध्ये गात असाल, तर अभ्यासाला पांढरी ५ लावा.