काचेला लावायचं नरसाळं: चार महिने वापरून

सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला उंचावरून शहर दिसत नाही, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. त्यामुळे भाच्यानं बालेवाडीत बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा त्याच्याहून जास्त आनंद मला झाला. वास्तुशांतीला जेवणं चालू असताना मी कॅमेरा घेऊन हॉलच्या मोठ्या काचेशी उभी होते. संध्याकाळ होती, घरात सगळे दिवे लावलेले. चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन पाहते तर जवळजवळ प्रत्येक फोटोत बाणेरच्या टेकडीवर आमच्या वहिनी पुरणपोळी वाढताहेत.

वहिनींना टेकडीवरून खाली उतरवण्यासाठी सप्टेंबरात ही वस्तू घेतली. ऑनलाइन, ११५० रुपयांना. सिलिकॉनचा लेन्स हूड, पण दिसायला थेट रॉकेल ओतायचं काळं नरसाळं. निमुळतं टोक लेन्सवर ताणून चढवायचं आणि रुंद तोंड काचेला टेकवायचं. पहिले आठ दिवस टायरच्या दुकानासारखा वास येत होता. बाल्कनीत ठेवल्यावर गेला.

काम काय करतं, तर खोलीतला उजेड अडवतं, एवढंच. साध्या काचेचा एकेक पृष्ठभाग अंगावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के परत फेकतो, आणि दुहेरी काचेला असे चार पृष्ठभाग असतात. दुपारी बाहेरच्या उन्हापुढे त्या ४ टक्क्यांना कोणी विचारत नाही. दिवेलागणीनंतर मात्र हॉलमधली एक ट्यूब अख्ख्या बाणेरला भारी पडते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी लेन्सवरची काच लावा, असं मला दोघांनी सांगितलं होतं. माझ्याकडे होताच. काचेकडे तिरकं, म्हणजे काचेशी काटकोन करणाऱ्या रेषेपासून साधारण ५६ अंशांवरून पाहिलं, तर तो प्रतिबिंब छान मारतो. नाकासमोर काच असेल तर ढिम्म. शिवाय टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेत तो आभाळावर इंद्रधनुषी डाग उठवतो. परत डब्यात गेला.

पहिली खरी परीक्षा कोजागिरीला झाली. सोसायटीच्या वरच्या मजल्यावर काचबंद क्लबहाऊस आहे, तिथे सगळ्यांचं मसाला दूध. मी कोपरा धरला, नरसाळं काचेला दाबलं आणि वहिनी गेल्या! ट्यूब गेली, दुधाचं पातेलं गेलं. बाहेर बायपासवर लाल-पिवळ्या दिव्यांच्या दोन रांगा, पलीकडे टेकडीचा काळा पाठकणा. आयएसओ १६००, एक पंधरांश सेकंद, हातात धरून. रबर काचेला टेकलेलं असल्यामुळे कॅमेऱ्याला आपोआप टेका मिळतो, हा फायदा डब्यावर लिहिलेला नाही. लिहायला हवा होता.

इथवर पाचापैकी पाच तारे. पण उंचावरून पाहण्यासारखं बहुतेक सगळं खाली असतं, समोर नसतं. समोर नुसतं आभाळ. मला हवा होता तो खालचा चौक: रिक्षा, मक्याच्या कणसांची गाडी, शिकवणीतून सुटलेली पोरं. लेन्स खाली झुकवली की नरसाळ्याची खालची कड काचेवरून सुटते आणि त्या फटीतून अख्खा हॉल आत शिरतो. हे सिलिकॉन बरंच मऊ आहे, त्यामुळे अंदाजे वीस-पंचवीस अंशांपर्यंत निभावतं. त्यापुढे डाव्या हातानं कड दाबून धरावी लागते, आणि मग झूम फिरवायला तिसरा हात लागतो. झूम ७० मिलिमीटरला, म्हणजे दृश्य जवळ ओढलेलं असेल, तर ठीक. २४ला, म्हणजे सगळं रुंद घेताना, झुकवलं की रबराची कडच फोटोच्या कोपऱ्यांत काळी उतरते.

दुहेरी काचेतलं एक दुखणं तर कुठल्याच हूडनं जात नाही. बाहेरच्याच एखाद्या प्रखर दिव्याचं प्रतिबिंब दोन काचांच्या मधे उमटतं आणि प्रत्येक दिव्याला शेजारी एक फिकट जुळा भाऊ दिसतो. दिवाळीत समोरच्या इमारतीवरचे आकाशकंदील मोजले तर एकोणीस होते, माझ्या फोटोत अडतीस. त्याचा दोष मी नरसाळ्याला देणार नाही.

बाहेरच्या बाजूची धूळ हा आणखी एक प्रकार. बाविसाव्या मजल्यावर काच बाहेरून कोण पुसणार? एफ ११ ठेवलं, म्हणजे लेन्सचं भोक बारीक केलं, तर प्रत्येक डाग आकाशात पक्ष्यासारखा तरंगतो. एफ ४ला भोक मोठं ठेवलं आणि लेन्स काचेला भिडवली की ते विरघळतात. उंचावरून सगळंच लांब असल्यामुळे एफ ४ला काही बिघडत नाही. फोकस हातानं करावा, नाहीतर कॅमेरा पावसाच्या थेंबावर जाऊन बसतो.

डिसेंबरात लेकीकडे दुबईला गेले, तेव्हा हे बॅगेत होतंच. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच. त्याच्या १२४व्या मजल्यावरचा सज्जा ४५२ मीटरवर. वर ट्रायपॉड चालत नाही, त्यामुळे माझ्या नरसाळ्याचा टेका तिथे सोन्याचा ठरला. आतल्या काचेशी उभी राहून सूर्यास्तापासून दिवे लागेपर्यंत फोटो काढले आणि एकातही कोणाची वहिनी नाही. तिथे उघड्यावरही जाता येतं, काचेच्या कठड्याच्या तक्त्यांमधल्या फटीतून लेन्स बाहेर डोकावते. त्या फटीत रबर अडकून बसलं. काढून खिशात टाकलं, मग जमलं. फोटो स्वच्छ आले, पण मन फारसं रमलं नाही. एवढ्या उंचीवरून पन्नास मजली इमारती साबणाच्या वड्यांसारख्या दिसतात आणि माणूस दिसतच नाही. लेक म्हणाली, "आई, नकाशाच काढलास की!" खरं आहे. मला बाविसावा मजलाच बरा. कणसाच्या गाडीवरचे निखारे तिथून दिसतात.

पर्वतीही आठवलीच. १०३ पायऱ्या, मधे काच नाही, आणि १८१७ साली दुसऱ्या बाजीरावानं खडकीची लढाई तिथूनच पाहिली. पण गुडघ्यांचं परीक्षण मला इथे लिहायचं नाही.

आता स्पर्धक. दिवाळीतल्या एका संध्याकाळी नरसाळं घरीच विसरले. भाचेसून म्हणाली, "आत्या, दिवे बंद करू का?" पण हॉलमध्ये पत्ते रंगले होते, दिवे कोण बंद करू देणार? तिनं कपाटातून तिची चंद्रकळा आणली. संक्रांतीची काळी सुती साडी, खडीची नक्षी असलेली. पडद्याच्या दांडीवरून ती सोडली आणि मी कॅमेऱ्यासकट आत शिरले, जुन्या फोटो स्टुडिओतल्या माणसासारखी. प्रतिबिंब गेलं. लेन्स सरळ खाली चौकात झुकवली तरी गेलं! कोपरे काळे नाहीत, तिसरा हात नको. एकदोन जागी खडीचे ठिपके काचेत चमकले, म्हणून साडी उलटी करून टांगली. पांढरा कुर्ता घातलेला असताना माझंच पोट दिसायचं, तेही साडीत गेलं. आजवरचा माझा चौकाचा सगळ्यात चांगला फोटो या साडीआडून काढलेला आहे.

म्हणजे ११५० रुपये फुकट गेले का? नाही. १२४व्या मजल्यावर नऊवार कापड टांगू देणार नाहीत, विमानाच्या खिडकीला तर नाहीच. प्रवासाला जाणाऱ्यानं घ्यावं, चार तारे. घरच्या खिडकीतून काढणाऱ्यानं आधी कपाट उघडावं, त्याच्यासाठी दोन.

टिकाऊपणाबद्दल एवढंच, की घडी घालून ठेवल्यामुळे दुमडीवर बोटभर चीर गेली आहे. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर "वापरामुळे झालेलं नुकसान" असं उत्तर आलं. न वापरता कसं करायचं होतं, हे विचारलंय. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेलं होतं, पण सिलिकॉनला त्याचं सोल्युशन चिकटत नाही. त्यानं दोनदा लावलं, दोनदा सुटलं, आणि पैसे घेतले नाहीत. सध्या इन्सुलेशन टेप आहे. चंद्रकळा मात्र आठवडाभर मागायची नाही, संक्रांत आलीये.