पेनड्राइव्हमध्ये फोटो होते, पण दिसत नव्हते : पॉवरशेल वापरून पाच वर्षं

म्हार्दोळच्या एक काकी पेनड्राइव्ह घेऊन आमच्या फोंड्याच्या स्टुडिओत आल्या. "बाबा, सगळे फोटू गेले मरे!" त्यांचे यजमान भजनात पखवाज वाजवायचे. ते आता नाहीत, आणि त्यांचे अठरा वर्षांचे फोटो त्या १६ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये. संगणकाला लावला तर आत फक्त चार शॉर्टकट. एका ठिकाणी त्यांना रिकव्हरीचे साडेतीन हजार रुपये सांगितले होते. मी ड्राइव्हची प्रॉपर्टीज उघडली, तर ११ जीबी जागा भरलेली. म्हणजे फोटो होते तिथेच होते.

शॉर्टकटला हात न लावता आधी अँटिव्हायरस फिरवला. मग पॉवरशेलची, म्हणजे विंडोजबरोबरच येणाऱ्या, कमांड लिहून कामं करून घ्यायच्या साधनाची निळी खिडकी उघडून 'गेट-चाइल्डआयटम' (आत काय आहे त्याची यादी) लिहिलं आणि लपलेलंही दिसावं म्हणून पुढे 'फोर्स' जोडलं. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमनमध्येच करायच्या.) चारही फोल्डर एका दमात समोर आले. पहिल्या रकान्यात डी, एच आणि एस ही अक्षरं: डी म्हणजे फोल्डर, एच म्हणजे हिडन, एस म्हणजे सिस्टिम. व्हायरसने फोटो खाल्ले नव्हते, फोल्डरांवर दोन खुणा मारून ते झाकले होते आणि त्यांच्या नावाने खोटे शॉर्टकट मांडले होते.

फक्त हिडनची खूण असती तर एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करून काम भागलं असतं. सिस्टिमची खूणही असली की विंडोज त्या फायलीला स्वतःच्या घरची समजते आणि ती टिक करूनही दाखवत नाही. अशा खुणा लावायची-काढायची विंडोजची जुनी 'अ‍ॅट्रिब' कमांडही इथे अडते. नुसती हिडन काढायला सांगितलं तर ती नकार देते, दोन्ही खुणा एकदमच काढायला लागतात. पॉवरशेलमध्ये मी प्रत्येक फोल्डरच्या 'अ‍ॅट्रिब्यूट्स'मधून, म्हणजे खुणांच्या यादीतून, या दोन खुणा वजा केल्या. दोन मिनिटांत काकींना पडद्यावर पखवाजावर थाप मारणारे काका दिसले. पैसे घेतले नाहीत.

त्याआधी हीच कामं मी व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजच्या जुन्या स्क्रिप्टच्या भाषेत करायचो. तिथे फायलींची माहिती देणाऱ्या 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट'कडून खुणा आकड्यात मिळतात: रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) १, हिडन २, सिस्टिम ४, फोल्डर १६, आर्काइव्ह ३२. काकींचा फोल्डर तिथे २२ म्हणून दिसला असता आणि मी कागदावर १६, ४, २ अशी फोड करत बसलो असतो. पॉवरशेल तेच शब्दांत सांगतं: हिडन, सिस्टिम, डिरेक्टरी. माझ्यासारख्या, फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाला हा फरक मोठा आहे. शिवाय व्हीबीस्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने विंडोजमधून काढणार असं २०२३ मध्येच जाहीर झालंय, त्यामुळे आज नव्याने शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

खुणा बदलताना एका गोष्टीत मी पोळलोय. शोधून सापडणाऱ्या बऱ्याच उदाहरणांत 'बीएक्सओआर' वापरलेलं असतं. ते दिव्याच्या बटणासारखं चालतं: खूण असेल तर काढतं, नसेल तर लावतं. एका मुंजीच्या फोल्डरवर मी तसली स्क्रिप्ट (कमांडच्या ओळी लिहिलेली फाइल) चुकून दोनदा चालवली आणि पहिल्या वेळी उघडे झालेले फोटो पुन्हा झाकले गेले. फक्त काढायचं असेल तर 'बँड' आणि 'बीनॉट' ही जोडी वापरा. ती दहा वेळा चालवली तरी निकाल तोच येतो.

मला पॉवरशेल सगळ्यात जास्त आवडतं ते 'व्हॉटइफ'साठी. पोचते केलेले अल्बम मी रीड-ओन्ली करून ठेवतो. सगळ्या फायली 'सेट-आयटमप्रॉपर्टी'कडे पाठवायच्या, 'इजरीडओन्ली' खरं करायचं आणि शेवटी 'व्हॉटइफ' लिहायचं. मग ते काहीच बदलत नाही, कुठल्या कुठल्या फायलीला हात लागेल तेवढं वाचून दाखवतं. ती यादी मी आणि माझा मदतनीस दोघं डोळ्यांखालून घालतो, मगच 'व्हॉटइफ' काढून तीच ओळ पुन्हा चालवतो. लोकांच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत, म्हणून आमच्याकडे हा नियमच आहे. पण लक्षात असू द्या, फाइलच्या 'अ‍ॅट्रिब्यूट्स'ला बरोबरचं चिन्ह लावून थेट किंमत दिलीत तर तिथे 'व्हॉटइफ' नाही. बदल लगेच होतो.

रीड-ओन्ली म्हणजे कुलूप नव्हे, ज्याला काढायचं तो ती खूण काढतो. तरी पॉवरशेलची 'रिमूव्ह-आयटम' कमांड 'फोर्स' दिल्याशिवाय अशी फाइल पुसत नाही. घाईत चुकीचा फोल्डर पुसायला निघालेल्या माणसाला तेवढा अडसर पुरतो. आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीच्या चौकटीत जो ठोकळा दिसतो, त्याने घाबरू नका. फोल्डरवर त्या खुणेचा अर्थच वेगळा आहे, त्यामुळे आतल्या फायली बंद होत नाहीत.

आता तारखा. कवळ्याच्या एका लग्नात आमच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचं घड्याळ बारा तास पुढे राहिलं, सकाळ-संध्याकाळची गल्लत. वेळेनुसार लावलं तर सकाळचा मुहूर्त रात्रीच्या जेवणानंतर येत होता. त्या कॅमेऱ्याच्या ६४० फायलींच्या 'लास्टराइटटाइम'मधून (शेवटच्या बदलाची वेळ) एका ओळीत बारा तास वजा केले आणि अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, सगळं क्रमाने लागलं. मात्र ही तारीख फाइलच्या अंगावरची. कॅमेरा फोटोच्या पोटात जी तारीख लिहितो, ती याने बदलत नाही. त्यासाठी मी एक्झिफटूल हा वेगळा प्रोग्रॅम वापरतो. गिऱ्हाइकं हमखास विचारतात की फोटो मागच्या वर्षीचे, मग 'क्रिएटेड' आजचं कसं? कॉपी केली की त्या प्रतीचा जन्म आजचा धरला जातो, बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. त्यामुळे एकच फाइल जन्माआधी बदललेली दिसते.

मराठीत फोल्डरांना नावं देणाऱ्यांनी इथे सावध राहावं. 'मंगेशी लग्न' असं नाव मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं, फाइल साध्या यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) ठेवली आणि पॉवरशेलला फोल्डर सापडेना. विंडोजबरोबर येणारी ५.१ आवृत्ती, फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग कुठलं ते सांगणारी छोटी खूण) नसेल तर, स्क्रिप्ट जुन्या एन्कोडिंगमध्ये वाचते आणि देवनागरीचा चुराडा होतो. एक अख्खी संध्याकाळ गेली तेव्हा मला हे कळलं. नोटपॅडमध्ये 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडून सेव्ह केलं की सुटतं. ७ व्या आवृत्तीत हा त्रासच नाही. नावात चौकोनी कंस असेल तर नाव जसंच्या तसं घ्यायला सांगणारं 'लिटरलपाथ' वापरा, नाहीतर पॉवरशेल त्या कंसाचा वेगळाच अर्थ लावतं.

पहिल्या दिवशी स्क्रिप्ट चालणारच नाही, कारण साध्या विंडोजवर ती परवानगी मुळात बंद असते. ती आपल्या खात्यापुरती 'रिमोटसाइन्ड' करून घ्यावी, म्हणजे आपल्या स्क्रिप्ट चालतात आणि नेटवरून उतरवलेल्यांना डिजिटल सही लागते. सगळं सताड उघडं टाकू नये.

पैसे एकही लागत नाहीत. २०१६ पासून याचा सोर्सही खुला आहे आणि ते लिनक्स, मॅकवरही चालतं. स्टुडिओ, झेरॉक्सचं दुकान, शाळेचं ऑफिस, जिथे रोज परक्यांचे पेनड्राइव्ह लागतात, तिथे एका माणसाला तरी हे यावं असं मला मनापासून वाटतं. ७ वी आवृत्ती घालताना ५.१ काढावी लागत नाही. दोन्ही शेजारी नांदतात, नवीची खिडकी 'पीडब्ल्यूएसएच' टाइप केल्यावर उघडते.