‘ईसीएम जळालंय काका’ : 23,700 रुपयांचा चुना

तेवीस हजार सातशे रुपये. एवढ्यात आमच्या 2009 च्या वॅगन आरचे चारही टायर बदलून वर इन्शुरन्सही निघाला असता. ते मी सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याच्या घशात घातले आणि बदल्यात मिळाला एक रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा छोटासा स्विच. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकिलाने सांगितलंय म्हणून. नाहीतर पाटीचा फोटोच टाकला असता.

कोल्हापूरहून परत येत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून चहाला थांबलो. परत बसलो तर सेल्फ ठणठणीत फिरतोय, पण इंजिन काही पकडेना. बॉनेट उघडायच्या आत क्रेनवाला हजर! “काका, जास्त सेल्फ मारू नका, टायमिंग बेल्ट गेला असेल तर व्हॉल्व्ह वाकतील.” हे वाक्य एवढं खरं वाटतं की माणूस गप्पच होतो. टोचनचे 2,500. (महामार्गावर 1033 ला फोन करा, टोलवाल्यांची क्रेन येते. आपोआप उगवलेल्या क्रेनला हात जोडा.)

गॅरेजमध्ये पोराने टॅबसारखा स्कॅनर लावला, मला सेल्फ मारायला सांगितलं, लाल अक्षरांतला कुठलासा कोड दाखवला आणि शेठने निकाल दिला, “ईसीएम जळालंय.” ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर. आता तो क्षण मला रोज रात्री आठवतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा व्यवस्थित लागत होता. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएमचा आकडा दोनशेच्या आसपास हलत होता. म्हणजे सेन्सर जिवंत, ईसीएम जिवंत, दोघांचं बोलणंही चालू. मेलेला माणूस फोन उचलतो का? आणि मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची जी दोन सेकंदांची घूं ऐकू येते, ती येत नव्हती. सोळा वर्षं गाडी चालवतोय, तो आवाज मला पाठ आहे. पण शेजारी ग्राइंडर चालू, मागे 81 वर्षांचे वडील, त्यांची इन्सुलिनची वेळ झालेली, बाहेर अंधार पडत आलेला. सांगा, अशा वेळी कोण पंपाचा आवाज ऐकत बसतं?

गाडी ठेवून एसटीने पुण्याला आलो. परत गेलो तेव्हा हिशोब असा : ईसीएम 14,500, पेट्रोल पंप 4,200, मजुरी 1,800, स्कॅनिंग 700. क्रेन धरून 23,700. बिल म्हणाल तर वहीच्या चतकोर कागदावर, त्यावर ना नाव ना पत्ता. जुने पार्ट मागितले. “ते एक्सचेंजमध्ये जमा होतात, काका.” यूपीआयचा स्कॅनर नेमका बंद, म्हणून रोख. निदान आधीचे 5,000 ॲडव्हान्स मी फोनवरून पाठवले होते, तेवढाच पुरावा.

घरी येऊन कपाटातली दुसरी चावी लावली, तर गाडी पहिल्या फटक्यात चालू. इमोबिलायझरच्या (ओळखीच्या चावीशिवाय चालू न होणाऱ्या) गाडीत ईसीएम बदललं की चाव्या नव्याने ओळखवून द्याव्या लागतात. ही चावी तर गॅरेजने पाहिलीच नव्हती, म्हणजे ईसीएम जुनंच! आमच्या कोथरूडच्या मिस्त्रीने खोलून बघितलं : ईसीएमच्या बोल्टवर जुनाच गंज, पंपाच्या जोडणीवर जुनीच माती. फ्यूज बॉक्समध्ये एकच रिले नवा कोरा, पंपाचा. किंमत दोन-तीनशे रुपये. असं झालं तर शेजारचा त्याच नंबरचा रिले काढून तिथे लावून बघायचा, बस्स. फ्यूज आधी बघा. पंप वाजतोय का ते मागे बसलेल्याला ऐकायला सांगा.

आता साहेब लोकांची कथा. आमच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, हद्द आमची नाही. तिकडच्या ठाण्यात सांगितलं, हे सिव्हिल मॅटर आहे, आणि वर माझीच पीयूसी मागितली! पंधरा वर्षांवरची गाडी म्हणून आरसी उलटीपालटी करून बघितली, जणू चोर मीच. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येतो म्हटल्यावर हवालदार हसले. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318 आहे, हे मी त्यांना सांगायचं! अर्जाची पोच मिळाली, त्यावर शिक्का मात्र पुसट. आरटीओत म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाहीत. मग कोणाकडे येतात? 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मुलगी गोड बोलली, तक्रार क्रमांक दिला. पुढे मेसेज आला : समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद नाही म्हणून तक्रार बंद! मग उघडायची कशाला?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते. पक्कं बिल मागूनही न देणं हीच त्या कायद्यात अनुचित प्रथा आहे, म्हणून बिल व्हॉट्सॲपवर लेखी मागा. मी मागितलं. दोन निळ्या टिका आल्या, बिल आलं नाही. त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय.

मिस्त्रीने लेखी दिलंय, फोटो आहेत, ईसीएमच्या स्टिकरवरचा नंबरही टिपून ठेवलाय. तुमच्या गाडीचा तो नंबर आजच फोटो काढून ठेवा. शेठला शेवटचा फोन केला तेव्हा त्याचं उत्तर होतं, “गाडी चालू झाली ना काका? मग?” त्याच पट्ट्यात कोणाला असाच ‘जळालेला’ ईसीएम विकला गेला असेल तर कागद सांभाळून ठेवा आणि मला कळवा, वकील म्हणतात दोघं-तिघं एकत्र आलो तर अर्ज जड होईल.