युरोपीय संघ विस्तार : जळगावच्या एका अभ्यासिकेचा टिपणसंच

स्पर्धा परीक्षेसाठी झेरॉक्स करून विकला जाणारा हा 40 पानी संच घ्यावा, पण लाल पेन हाताशी ठेवून.

जमेची बाजू शेतीच्या प्रकरणाची. रावेर-यावलचा केळीवाल्याचा पोरगा आधी हेच विचारणार: संघात गेल्यावर शेतकऱ्याच्या हाती काय पडलं? उत्तर आकड्यांत दिलंय. 2004 मध्ये नव्या सदस्यांच्या शेतकऱ्याला थेट अनुदान जुन्यांच्या 25 टक्के, मग 30, 35, 40, आणि पुढे दरवर्षी दहा-दहाने वाढत 2013 ला 100. मधली तूट काही अंशी स्वतःच्या तिजोरीतून भरायची मुभा होती. पोलंडमध्ये यावरून एवढी कुरकुर का झाली, ते इथे नीट कळतं.

संघात प्रवेशासाठीचे 1993 चे कोपनहेगन निकष (स्थिर लोकशाही संस्था, स्पर्धेला टिकणारी बाजारव्यवस्था, सदस्यत्वाची जबाबदारी पेलण्याची कुवत) एका पानात उरकलेत. चालेल.

चुका मात्र गुण घालवतील अशा. पोलंडने 35 प्रकरणांवर (म्हणजे संघाच्या कायद्यांच्या विषयवार भागांवर) वाटाघाटी केल्या असं छापलंय. तेव्हा प्रकरणं 31 होती, 35 क्रोएशियाच्या वेळी झाली. 1 मे 2004 ला आलेले दहाही देश ‘माजी साम्यवादी’ ठरवलेत. तसे आठच, माल्टा आणि सायप्रस वेगळे. चेक कूपन-खासगीकरणावर (सरकारी कंपन्यांचे शेअर कूपनांद्वारे नागरिकांना देण्यावर) तर चारच ओळी, तीही शेवटच्या पानावर. आणि ते पान पिन निघून पहिल्याच आठवड्यात गळतं.