वालाच्या बियाण्याला चोळायचं रायझोबियम: दोन हंगाम वापरून

भाताची कापणी झाली की आमच्या अलिबागकडे त्याच खाचरांत वाल पडतो, जमिनीत उरलेल्या ओलीवर. त्या बियाण्याला मी दोन वर्षं रायझोबियमची, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंची, भुकटी चोळते. २५० ग्रॅमचं पाकीट साधारण १० किलो बियाण्याला पुरतं.

पहिल्या वर्षी पैसे वाया गेले. दुकानात हाताला आलं ते पाकीट दिलं, त्यावर ‘हरभरा’ लिहिलेलं. हरभऱ्याचे जिवाणू वालाच्या मुळावर गाठी धरत नाहीत, वालाला चवळीच्या गटातले लागतात. त्यामुळे यंदा नाव आणि मुदत दोन्ही वाचून घेतलं. पत्र्याखाली तापलेलं पाकीट तर घेऊच नका, आत जिवंत माल असतो. गूळपाणी उकळून पूर्ण गार केलं, त्यात भुकटी कालवली, साल निघणार नाही अशा हाताने बियांना लावली, पडवीत सुकवली आणि त्याच दिवशी पेरली.

एक खाचर मुद्दाम न चोळलेल्या बियांचं ठेवलं होतं. फुलं यायच्या आधी दोन्हीकडची रोपं खुरप्याने मातीसकट काढली. उपटली की गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी. सासूबाई म्हणाल्या, “अगं, रक्तासारखं दिसतंय!” खरंच तसं आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला. तो ऑक्सिजनला आवरून धरतो, म्हणून आतल्या जिवाणूंना हवेतला नायट्रोजन झाडाच्या उपयोगाचा करता येतो. हवेत तो ७८ टक्के आहे, पण झाडाला एकट्याने घेता येत नाही. हे समजल्यापासून मी त्या गाठींकडे फार मायेने बघते.

न चोळलेल्या खाचरातही गाठी होत्या, फक्त कमी. पिढ्यान्‌पिढ्या वाल पिकलेल्या मातीत हे जिवाणू मुळातच असतात. तिथे शेंगांत मला फार फरक दिसला नाही. विहिरीजवळच्या तुकड्यात मात्र आधी कधीच कडधान्य नव्हतं. तिथे चोळलेला वाल हिरवागार, शेजारची ओळ पिवळट. अशा नव्या जागेसाठी पाकीट नक्की घ्या. वर युरिया मात्र टाकू नका, आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी कमी धरतं.

मडक्यात भाजायच्या पोपटीपुरत्या शेंगा काढून झाल्या, बाकीच्या वाळल्या. यंदा झाडं उपटली नाहीत, विळ्याने जमिनीलगत कापली. मुळं भातासाठी खाचरातच ठेवली आहेत.