सेन्सर एक बिघडला, पैसे पाच भागांचे घेतले

मागच्या पार्किंग सेन्सरच्या दुरुस्तीत नागपुरातील एका गॅरेजने माझी जी फसवणूक केली, ती सविस्तर लिहिण्याचे कारण रकमेपेक्षा तिची पद्धत हे आहे. १ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या प्रत्येक मोटारीला मागचे सेन्सर बंधनकारक झाले. त्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी बहुतेकांची वॉरंटी आता संपली असून त्यांचे मालक कंपनीच्या वर्कशॉपऐवजी बाहेरच्या गॅरेजकडे वळू लागले आहेत. सेन्सर बंपरच्या आत बसतो आणि बंपर उतरवून पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. हा सगळा खेळ त्याच भरवशावर चालतो.

पावसाळ्यात एक जोराची सर येऊन गेल्यानंतर, गाडी रिव्हर्समध्ये टाकली की मागे काहीही नसताना सलग बीप वाजू लागला आणि थोड्याच दिवसांत तोही बंद पडला. रिंग रोडवरील त्या गॅरेजच्या मालकाने एक छोटा स्कॅनर जोडला, मोबाइलच्या पडद्यावर लाल अक्षरांतील एक ओळ दाखवली आणि सांगितले, "काकाजी, मॉड्यूल गेलं, त्याच्यासोबत चारही सेन्सर गेले. एक गेला की बाकीचे टिकत नाहीत." चार सेन्सर आणि त्यांना चालवणारा नियंत्रक डबा, म्हणजे मॉड्यूल, असे पाचही भाग बदलण्याचे त्याने मजुरीसह १४,५०० रुपये घेतले. बिल म्हणून मिळालेल्या चिठ्ठीवर ‘सेन्सर सेट व मॉड्यूल’ एवढेच शब्द होते. जीएसटी क्रमांक नव्हता आणि कोणत्याही भागाचा क्रमांकही नव्हता. जुने भाग मागितले, तर ते भंगारवाला घेऊन गेला, असे उत्तर आले. एका दुपारात पाचही भाग भंगारात पोहोचले, हे मला तेव्हाही पटले नव्हते. स्कॅनरच्या त्या पडद्याचा फोटो मात्र मी आधीच काढून ठेवला होता.

काही आठवडे बीप व्यवस्थित वाजला. नंतर जरा खडबडीत रस्त्यावर गाडी मागे घेतली तरी तो उगाच ओरडू लागला. या वेळी मी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी काम केलेल्या आणि आता मानेवाडा भागात स्वतःचे छोटे गॅरेज चालवणाऱ्या एका तरुणाकडे गेलो. त्याने माझ्यासमोर बंपर उतरवला आणि काही सांगण्याआधी चारही सेन्सर उलटे करून दाखवले. तिघांच्या पाठीवर गाडीच्या कंपनीचा भाग क्रमांक व गाडी तयार झाली त्याच वर्षाची खूण होती, आणि त्यांच्या खोबणीत इतक्या वर्षांची धूळ तशीच बसलेली होती. चौथा तेवढा नवा होता; त्यावर कोणतेही नाव नव्हते आणि बंपरच्या रंगाशी जुळावा म्हणून त्याच्या तोंडावर डब्यातला स्प्रे जाडसर मारलेला होता. डिकीच्या बाजूच्या आवरणामागील मॉड्यूलवरचे कारखान्याचे स्टिकर तर जसेच्या तसे होते. थोडक्यात, पैसे पाच भागांचे आणि बदललेला भाग एकच, तोही साधा बाजारी.

उगाच बीप वाजण्याचे कारणही तिथेच सापडले. हा सेन्सर माणसाला ऐकू न येणारा, साधारण ४० किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक कंपनांचा ध्वनी सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतो. ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा सेन्सरच्या तोंडावरचा पातळ पडदा एकच असल्यामुळे बंपरची स्वतःची थरथर त्याच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून सेन्सरभोवती एक मऊ रबरी कडे असते. माझ्या नव्या सेन्सरला ते कडे बसवलेलेच नव्हते. तो गोंदाने चिकटवला होता. रंगाच्या जाड थरानेही पडद्याची हालचाल अडते. मूळ कनेक्टर कापून वायरी नुसत्या पिळून टेपने बांधल्या होत्या, आणि त्या तांब्यावर हिरवा गंज चढू लागला होता.

स्कॅनरच्या पडद्याचा फोटो पाहून त्या तरुणाला हसू आवरले नाही. त्यावरील बिघाडाचा कोड ‘पी ०४२०’ होता. ‘पी’ने सुरू होणारे कोड इंजिन व गिअरबॉक्सशी संबंधित असतात आणि हा विशिष्ट कोड धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा आहे, पार्किंग सेन्सरचे कोड बहुधा ‘बी’ने सुरू होतात आणि मोबाइलला जोडायचे अनेक स्वस्त स्कॅनर तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. माझ्या गाडीत इंजिनाचा इशारा दिवा कधी लागला नव्हता, तेव्हा स्कॅनरवरची ती ओळ दुसऱ्याच गाडीची असावी, असा माझा तर्क आहे.

‘एक गेला की बाकीचे जातात’ हे वाक्य लोकांना पटते, कारण अनेक गाड्यांमध्ये एका सेन्सरचा दोष आढळताच यंत्रणा सुरक्षिततेसाठी स्वतःला पूर्ण बंद करून घेते. चारही मुके झाले म्हणजे चारही मेले, असा समज त्यातून होतो. खरा दोष शोधण्याची रीत त्या तरुणाने मला दाखवली. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करायचे आणि रिव्हर्स गिअर टाकायचा. मग एकेका सेन्सरजवळ कान न्यायचा किंवा त्यावर हलकेच बोट टेकवायचे. चालू सेन्सरची बारीक टकटक जाणवते, बिघडलेल्याची जाणवत नाही. एकच गप्प असेल, तर त्याची जागा शेजारच्या सेन्सरशी बदलावी: दोष सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर वायर किंवा कनेक्टर. चारही गप्प असतील, तर फ्यूज आणि वीजपुरवठा आधी तपासावा, कारण चार स्वतंत्र सेन्सर एकाच दिवशी जळणे फार दुर्मीळ आहे. त्याहीआधी चिखल पुसावा आणि नंबर प्लेट लोंबकळत नाही ना, हे पाहावे. यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. कंपनीचा एक सेन्सर, रबरी कडे आणि नवा कनेक्टर मिळून त्या तरुणाने तीन हजारांच्या आत काम केले आणि काढलेला सेन्सर पिशवीत घालून परत दिला.

पहिल्या गॅरेजवाल्याने "इलेक्ट्रिकच्या मालाला गॅरंटी नसते" म्हणून हात वर केले. येथे मुद्दा गॅरंटीचा नाही, न बसवलेल्या मालाचे पैसे घेतल्याचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून मी गॅरेजला लेखी नोटीस पाठवली, आणि उत्तर न आल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. अर्जासोबत मी ती चिठ्ठी, यूपीआयची नोंद, स्कॅनरच्या पडद्याचा फोटो, चारही सेन्सरच्या पाठीची छायाचित्रे आणि दुसऱ्या गॅरेजचे भाग क्रमांकासह पक्के बिल जोडले आहे. प्रकरण अद्याप प्रलंबित आहे.