एचआयडी संच, रिले हार्नेस आणि अंबडचे एक वर्कशॉप

जुन्या गाडीला बाजारातला 35 वॉटचा एचआयडी (हाय इंटेन्सिटी डिस्चार्ज) हेडलाइटचा संच बसवला की काही दिवसांतच ठरलेली तक्रार सुरू होते : दिवे कधी लागतात, कधी लागत नाहीत, आणि पुष्कळदा एक लागतो व दुसरा लुकलुकून विझतो. आमच्या डिझेल जीपमध्ये हेच झाले. संच शहरातल्याच एका दुकानातून घेतला होता आणि बसवूनही त्यांनीच दिला होता. तक्रार घेऊन गेल्यावर दरवेळी ‘बॅलास्ट खराब लागला असेल’ एवढेच उत्तर मिळाले आणि बॅलास्ट (बल्बला लागणारा विजेचा दाब पुरवणारा डबा) बदलूनही मिळाला, पण दोष होता तिथेच राहिला. पहाटे दिंडोरीहून भाजी घेऊन पंचवटीच्या मार्केट यार्डात पोहोचायचे असेल, तर असा दिवा असून नसल्यासारखा. अखेर नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. हे परीक्षण संचाचे आहे, तसेच त्या कामाचेही आहे.

आधी संचाविषयी. त्याच्या बल्बमध्ये फिलामेंट नसते; झेनॉन वायूतून विजेची ठिणगी पेटवली जाते आणि ती तशीच तेवत ठेवली जाते. पेटवण्यासाठी बॅलास्ट 20,000 व्होल्टहून अधिक दाबाचा झटका देतो, आणि दिवा स्थिरावल्यावर साधारण 85 व्होल्टवर काम भागते. स्थिर अवस्थेत एक दिवा तीन-साडेतीन अँपिअर घेतो, म्हणजे 55 वॉटच्या हॅलोजन डिपरपेक्षा कमीच. याच आकड्याच्या भरवशावर दुकानदार ‘जुन्याच वायरिंगवर चालतो, वेगळे काही लागत नाही’ असे सांगतात. पेटतानाच्या पहिल्या काही सेकंदांत मात्र तोच बॅलास्ट याच्या दुपटीहून अधिक प्रवाह ओढतो, ही गोष्ट सांगायची राहून जाते. वर्षानुवर्षे तापलेली बारीक वायर, झिजलेले स्विच आणि गंजलेले अर्थिंग यांच्यातून एवढा प्रवाह जाताना व्होल्टेज कोसळते, बॅलास्टमधील संरक्षक सर्किट पुरवठा तोडते आणि दिवा विझतो. इंजिन बंद असताना दिवे न लागणे आणि गाडी सुरू केल्यावर लागणे, हे या दोषाचे सर्वांत सोपे लक्षण आहे, कारण अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) चालू झाला की व्होल्टेज 14 च्या आसपास जाते आणि तेवढ्यावर कसेबसे निभावते.

अंबडच्या मिस्त्रींनी संचाला हात लावण्यापूर्वी मीटर काढला, आणि त्यांच्या कामाबद्दलचा माझा विश्वास तिथेच बसला. बॅलास्ट काढलेला असताना होल्डरवर 12.3 व्होल्ट दिसत होते. दुकानातही एवढेच पाहून ‘करंट बरोबर आहे’ असा निर्वाळा दिला गेला होता. त्यांनी बॅलास्ट जोडलेला ठेवून, मीटरच्या पिना कनेक्टरच्या मागच्या बाजूने आत सरकवून स्विच दाबायला सांगितले. आकडा झरझर उतरून नऊच्याही खाली गेला, डावा दिवा पेटला आणि उजवा दोनदा लुकलुकून बंद पडला. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थिंगच्या बोल्टला लावली. एकट्या त्या बोल्टवर दीड व्होल्ट वाया जात होता. बोल्ट उघडला, तर टर्मिनलखाली रंगाचा थर आणि त्यावर हिरवट गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, वर पेट्रोलियम जेली लावून त्यांनी तो पुन्हा आवळला.

त्यानंतर रिले हार्नेस, म्हणजे रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) असलेले तयार वायरिंग बसवले. बॅटरीवरून थेट जाड वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर 30 अँपिअरचा फ्यूज, आणि जुन्या होल्डरकडून फक्त रिलेला इशारा, एवढीच त्याची रचना. दिव्यांचा सगळा भार स्विचवरून उतरतो. एच-4 संचात, म्हणजे एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर असलेल्या प्रकारात, बल्ब पुढे-मागे सरकवणारे छोटे सोलेनॉइड (विद्युतचुंबक) असते, त्याची वायर स्वतंत्रपणे जोडावी लागते आणि घाईत नेमकी तीच सुटते. काही गाड्यांमध्ये स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थिंगची बाजू तोडतो, तिथे साधे हार्नेस चालत नाही. मिस्त्रींनी हेही आधीच तपासून घेतले. आता इंजिन बंद असतानाही दोन्ही दिवे पहिल्याच झटक्यात लागतात. मजुरी 500 रुपये आणि हार्नेसचे पैसे वेगळे, जे मला रास्त वाटले. वर्कशॉपमध्ये गर्दी असते व वेळ पाळली जात नाही, एवढी उणीव मात्र नोंदवावी लागेल.

वायरिंग ठीक असूनही एकच दिवा रुसत असेल, तर डाव्या-उजव्या बॅलास्टची अदलाबदल करून पाहावी. दोष बॅलास्टबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बॅलास्ट नादुरुस्त, जागीच राहिला तर बल्ब; प्रकाश गुलाबी-जांभळा पडू लागला असेल, तर बल्बचे आयुष्य संपत आले असे समजावे. हे करताना दिवे बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सुटी असलीच पाहिजे, कारण तो झटका जिवावर बेतू शकतो.

संचाला मी पाचपैकी दोनच गुण देईन, आणि त्याचे कारण केवळ वायरिंग नाही. हार्नेसशिवाय विकलेला संच अर्धाच म्हणावा लागेल, हे एक. शिवाय हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये हा प्रकाश फाकतो. मिस्त्रींनी भिंतीवर झोत पाहून दिवे खाली केले, तरी समोरच्याच्या डोळ्यांवर येणारी तिरीप पूर्ण गेलेली नाही, आणि समोरच्याचे डोळे दिपवणारा झोत 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही बसत नाही. कसारा घाटातल्या पावसाळी धुक्यात तर 6000 केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा मोठा तेवढा प्रकाश निळसर) निळसर प्रकाश पांढरी भिंत उभी करतो. घ्यायचाच असेल तर 4300 केल्विनचा घ्यावा आणि तोही हेडलाइटमध्ये प्रोजेक्टर (झोत नेमका टाकणारे भिंग) असलेल्या गाडीलाच. ज्यांच्या गाडीत साधा रिफ्लेक्टर आहे, त्यांनी एचआयडीचा खर्च वाचवून चांगल्या हॅलोजन बल्बांना असेच रिले हार्नेस लावून घ्यावे.